‘बीटी-सीटी नॉर्मल’ आल्यावर पुढे काय? हिमोफिलियाच्या रक्ततपासण्या, सातारा-सांगलीकरांसाठी

दात काढला आणि दुसऱ्या दिवशीही उशीवर रक्त. पोरगं रांगायला लागलं आणि गुडघ्यावर, नडगीवर काळेनिळे डाग. लस टोचली तिथे टणक गाठ, ती आठवडाभर जिरेना. अशी तक्रार घेऊन गेलं की आपल्याकडे पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा बीटी-सीटीची (ब्लीडिंग टाइम आणि क्लॉटिंग टाइम, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) निघते. बोटाला टोचायचं, टिपकागदावर थेंब टिपायचे, काचेच्या बारीक नळीत रक्त घेऊन ती थोड्या थोड्या वेळाने मोडत बघायची, आणि ‘नॉर्मल’ असा शिक्का मारलेला कागद हातात. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

या कागदावर निःश्वास टाकू नका. हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन (फॅक्टर) जन्मतः कमी असण्याचा आजार. त्यात ब्लीडिंग टाइम नॉर्मलच येतो, कारण तो प्लेटलेट आणि बारीक रक्तवाहिन्यांचा अंदाज देतो. हिमोफिलियात त्या ठीक असतात. क्लॉटिंग टाइम तर इतका ढोबळ की रक्तातला फॅक्टर अगदी तळाला गेल्याशिवाय तो वाढत नाही, आणि गेला तरी वाढेलच असं नाही. मध्यम किंवा सौम्य हिमोफिलियाचा पेशंट बीटी-सीटीतून सहज निसटतो आणि मग टॉन्सिलच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सापडतो. ही तपासणी अजून प्रत्येक ऑपरेशनच्या आधी का लिहिली जाते, याला सवय सोडून दुसरं कारण मला दिसत नाही.

तर नीट तपासणी कशी करून घ्यायची, कुठल्या क्रमाने, आणि सातारा-सांगलीत राहून त्यात कुठे घोळ होतो, ते बघू.

आधी घरची माहिती

लॅबमध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा. बेंबीची नाळ पडताना रक्त जास्त गेलं होतं का? कान टोचले तेव्हा? दुधाचे दात पडताना? घोळणा किती वेळा फुटतो आणि किती वेळाने थांबतो? सांधा कधी गरम होऊन सुजला का, कुठला? मुलगी किंवा बाई असेल तर पाळीत किती दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात का, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का?

मग आईच्या माहेरची चौकशी. हिमोफिलिया ए (फॅक्टर आठ कमी) आणि बी (फॅक्टर नऊ कमी) हे दोन्ही एक्स गुणसूत्रावरून येतात. म्हणून मुलाला आजार असेल तर मामा, आईचा मामा आणि मावशीची मुलं यांच्याकडे बघायचं. ‘एक मामा लहानपणीच पडून गेला, रक्त थांबलं नाही’ एवढं एक वाक्य डॉक्टरांचं निम्मं काम करतं. मात्र जवळपास तीस टक्के घरांत मागे कुणालाच काही नसतं. जनुकातला बदल त्याच पिढीत नव्याने झालेला असतो. तेव्हा ‘आमच्याकडे कुणाला नाही’ म्हणून आजार नाही असं होत नाही. आणि सासरच्यांनी सुनेच्या माहेरावर बोट ठेवायचंही कारण नाही.

नात्यात लग्न झालं असेल तर तेही सांगा. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे, त्यात कुणाला गैर वाटत नाही, म्हणून कुणी आपण होऊन सांगतही नाही. पण अशा घरांत फॅक्टर तेरा, फॅक्टर सात, फॅक्टर दहा यांची कमतरता, वॉन विलेब्रँड आजाराचा (त्याच नावाचं प्रथिन कमी असण्याचा) तिसरा प्रकार किंवा ग्लान्झमन हा प्लेटलेटचा आजार यांची शक्यता वाढते. हे आजार मुलींनाही मुलांइतकेच होतात. डॉक्टरांना हे कळलं तर तपासणीची दिशाच बदलते.

पहिल्या फळीच्या तपासण्या

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेटच्या आकड्यासह आणि स्लाइडसह), पीटी आणि एपीटीटी (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, दोन वेगळ्या मार्गांनी गोठायला किती सेकंद लागतात ते), आणि जमल्यास फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन). सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या बऱ्यापैकी लॅबमध्ये या होतात.

साचा असा. प्लेटलेट नॉर्मल, पीटी नॉर्मल, फक्त एपीटीटी लांबलेला: हिमोफिलियाचा संशय. समजा कंट्रोल (निरोगी माणसाचा) 30 सेकंद आणि पेशंट 82 सेकंद, तर थांबायचं नाही, पुढे जायचं. फक्त पीटी लांबला तर फॅक्टर सात. दोन्ही लांबले तर फॅक्टर दहा, पाच, दोन, फायब्रिनोजेन, किंवा यकृताचा त्रास, किंवा व्हिटॅमिन के कमी. तान्ह्या बाळात हे शेवटचं आधी बघतात. एपीटीटी चांगलाच लांबलेला, पण माणसाला कधी रक्तस्रावच नाही, असंही होतं: फॅक्टर बारा कमी असेल किंवा ल्युपस अँटीकोॲग्युलंट (तपासणीत अडथळा आणणारी अँटिबॉडी) असेल तर. तेव्हा आकडा बघून घाबरायचं नाही.

सौम्य हिमोफिलियात एपीटीटी नॉर्मल येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. इतिहास बोलका असेल तर एपीटीटी नॉर्मल असूनही फॅक्टर मोजावाच लागतो.

रक्त काढण्याआधी

उपाशीपोटी जायची गरज नाही, फक्त तेलकट-तुपकट खाऊन जाऊ नका. प्लाझ्मा दुधाळ झाला की प्रकाशावर चालणाऱ्या मशीनला नीट वाचता येत नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी प्लेटलेटचं काम बिघडतं. प्लेटलेट फंक्शनची तपासणी असेल तर डॉक्टरांना विचारून ही औषधं साधारण सात ते दहा दिवस आधी थांबवायची. रक्तस्रावाचा संशय असलेल्या मुलाला तर ही दुखण्याची औषधं एरवीही देऊ नयेत. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं.

सॅम्पल घेण्याआधी फॅक्टरचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा दिला असेल तर आलेला आकडा पेशंटचा नव्हे, बाटलीचा असतो. दिला असेल तर कधी, किती, ते चिठ्ठीवर लिहा. पण याचा उलटा अर्थ काढू नका. डोक्याला मार लागलाय, पोट दुखतंय, सांधा फुगतोय, अशा वेळी तपासणीसाठी उपचार थांबवायचे नाहीत. एक सायट्रेट बल्ब (रक्त गोठू न देणारं सायट्रेट असलेली नळी) भरून ठेवायला दोन मिनिटं लागतात. तो भरायचा आणि लगेच उपचार सुरू करायचे, रिपोर्टची वाट बघायची नाही.

सुईपासून बल्बपर्यंत

खरा घोळ इथेच होतो. मशीन लाखांचं असो की कोटीचं, बल्ब चुकीचा भरला तर ते चुकीचंच वाचणार.

गोठण्याच्या तपासणीला निळ्या टोपणाचा सायट्रेट बल्ब लागतो. त्यात 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण ठरलेलं आहे. दोन मिलीच्या बल्बमध्ये 0.2 मिली सायट्रेट आधीच असतं, त्यात 1.8 मिली रक्त यायला हवं. बल्बवर एक रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत आलं पाहिजे. नव्वद टक्क्यांच्या खाली राहिलं तर बल्ब टाकून द्यायचा. लहान मूल रडत असतं, शीर सापडत नाही, एक-सव्वा मिली रक्त येतं आणि टेक्निशियन म्हणतो, ‘चालतंय की.’ चालत नाही. रक्त कमी म्हणजे त्याच्या मानाने सायट्रेट जास्त, आणि एपीटीटी खोटाच लांबतो. धडधाकट पोराच्या कपाळी हिमोफिलियाचा संशय लागतो तो असा. आईबापांनी इथे संकोच करू नये. ‘रेघेपर्यंत भरला का?’ एवढं विचारा, आणि शक्य तर स्वतः बघा.

नवजात बाळात याचीच दुसरी बाजू. त्यांचं रक्त दाट असतं, त्यात प्लाझ्मा कमी. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) 55 टक्क्यांच्या वर असेल तर बल्बमधलं सायट्रेट मोजून कमी करावं लागतं. हे लॅबला माहीत असतं, पण आठवण करून दिल्याने काही बिघडत नाही.

दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराच्या वर नको. सुई एका झटक्यात शिरेत जायला हवी. आत इकडे-तिकडे फिरवत बसलं तर जखमेतला रस मिसळून बल्बमध्येच गोठायला सुरुवात होते. बटरफ्लाय सुई वापरत असाल तर तिच्या नळीतली हवा पहिल्या बल्बमध्ये जाते आणि तो कमी भरतो, म्हणून आधी एक टाकाऊ बल्ब लावायचा. सायट्रेट बल्ब जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बच्या (सीबीसीच्या) आधी भरायचा; ईडीटीएचा अंश मिसळला तर सगळे आकडे बिघडतात. हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुतलेल्या कॅथेटरमधून सॅम्पल घ्यायचंच नाही. बल्ब भरला की तीन-चार वेळा हलक्या हाताने उलटा-सुलटा करायचा, खदाखदा हलवायचा नाही. आणि त्यावर नावाबरोबर रक्त काढल्याची वेळ लिहायची. ही वेळ पुढे फार कामाला येते.

संशयित मुलाचं रक्त कोपराच्या वरवरच्या शिरेतून, बारीक सुईने घ्यावं. मांडीतल्या किंवा मानेतल्या खोल शिरेत टोचणं टाळावं. सुई काढल्यावर कापूस दाबून धरायचा, किमान पाच ते दहा मिनिटं, हात सरळ ठेवून. कोपर दुमडून बसवायची आपली सवय इथे नको. हात उघडला की जखम परत वाहते. चोळायचं तर अजिबात नाही.

सॅम्पल पाठवायचं की पेशंट न्यायचा?

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या निदानाच्या वेळी पेशंट न्या.

कारण असं. एपीटीटी आणि फॅक्टर आठसाठी रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत प्लाझ्मा वेगळा होऊन तपासणी व्हायला हवी किंवा तो गोठवायला हवा. फॅक्टर आठ नाजूक, उभ्या उभ्या कमी होतो. जत किंवा आटपाडीत सकाळी नऊला काढलेलं रक्त पिकअपवाल्या पोराच्या गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत फिरलं, वर एप्रिलचं ऊन, तर सांगलीत पोचेपर्यंत त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

‘मग बर्फात ठेवून पाठवू’, हा त्याहून मोठा घोटाळा. प्लाझ्मा वेगळा न केलेला सायट्रेट बल्ब थंडीत ठेवला की वॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ दोन्ही घसरतात. आईसपॅकमधून गेलेल्या सॅम्पलवर धडधाकट माणसाला वॉन विलेब्रँड आजार ‘निघतो’. सीबीसीचे बल्ब आईसपॅकच्या डब्यात जातात, त्यांच्याच शेजारी निळा बल्ब सरकवून दिला जातो. टोपणांचे रंग बघितलेत तर असा डबा तुमच्याही लक्षात येईल. सेंट्रिफ्यूजवर (रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) न फिरवलेला सायट्रेट बल्ब खोलीच्या तापमानातच ठेवायचा, साधारण 18 ते 24 अंश.

पाठवायचंच असेल तर रीत ठरलेली आहे. रक्त काढलेल्या ठिकाणीच ते सेंट्रिफ्यूजवर दोनदा फिरवायचं, म्हणजे प्लाझ्मात प्लेटलेट जवळपास राहत नाहीत. तो प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्यांत वाटून लगेच गोठवायचा. उणे 20 अंशांवर तो दोन आठवडे टिकतो; त्याहून जास्त ठेवायचा तर उणे 70 लागतं. प्रवास कोरड्या बर्फात. वाटेत वितळून परत गोठला तर टाकून द्यायचा. तुमच्या गावच्या कलेक्शन सेंटरवर हे सगळं होतं का, हे तुम्हीच विचारायचं. तीन प्रश्न पुरेत: फॅक्टर असे (फॅक्टरची मोजणी) इथेच होतो की बाहेर जातो? प्लाझ्मा इथेच गोठवता का? तुमच्या एनएबीएल प्रमाणपत्राच्या (लॅबच्या दर्जाच्या) स्कोपमध्ये, म्हणजे ते लागू असलेल्या तपासण्यांच्या यादीत, फॅक्टर असे आहे का? भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं. ते साखर आणि थायरॉइडपुरतंही असू शकतं.

सातारा जिल्ह्यातल्यांनी आधी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय गाठावं, तिथे हिमोफिलियाचं डे-केअर केंद्र आहे. सांगलीकरांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय जवळ. पुढची सखोल तपासणी लागली तर मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे; रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांचं निदान हे तिचं नेहमीचं काम. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा घेत सकाळी मुंबईत पोचते. दादरला उतरलं की परळ जवळच. आधी फोन करून वार आणि लागणारी कागदपत्रं विचारून घ्या. मात्र अंगात ताजा रक्तस्राव असताना प्रवासाला निघू नका.

मिक्सिंग आणि फॅक्टर असे

एपीटीटी लांबलेला असेल तर पुढची तपासणी मिक्सिंगची. पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मे-निम्मे मिसळून परत एपीटीटी करायचा. 82 चा 33 झाला तर काहीतरी कमी होतं आणि ते भरून निघालं. लांबलेलाच राहिला तर रक्तात फॅक्टरला मारणारं काहीतरी आहे, त्याला इनहिबिटर म्हणतात. फॅक्टर आठविरुद्धचा इनहिबिटर सावकाश काम करतो, त्यामुळे मिश्रण 37 अंशांवर एक-दोन तास ठेवून पुन्हा बघावं लागतं. लगेच केलेला एपीटीटी सुधारलेला दिसतो आणि दोन तासांनी परत लांबतो. हा दुसरा भाग वगळलेला रिपोर्ट अपुरा समजा.

मग फॅक्टर आठ आणि नऊ वेगवेगळे मोजायचे. दोन्ही मोजा, एपीटीटीवरून ए की बी कळत नाही, आणि दोघांची औषधं वेगळी. एक टक्क्याच्या खाली तीव्र, एक ते पाच मध्यम, पाच ते चाळीस सौम्य. रिपोर्टमध्ये एकक बघा. काही लॅब टक्के देतात, काही आययू प्रति डेसिलिटर. हे दोन आकडे सारखेच. पण आययू प्रति मिली असेल तर 0.05 म्हणजे 5 टक्के. ‘शून्य पॉइंट शून्य पाच, म्हणजे काहीच नाही’ असं समजून रडारड झालेली घरं मी पाहिली आहेत. मूल मध्यम आणि सौम्य यांच्या सीमेवर होतं.

तान्ह्या बाळात फॅक्टर आठचा आकडा जन्मापासून भरवशाचा असतो, नाळेच्या रक्तावरही मोजता येतो. फॅक्टर नऊ मात्र जन्मतः सगळ्यांचाच कमी असतो आणि मोठ्यांच्या पातळीला यायला सहा महिने लागतात. तेव्हा नवजात बाळात फॅक्टर नऊ थोडा कमी आला तर सहा महिन्यांनंतर परत करा, तोवर शिक्का मारू नका.

हल्ली काही पेशंटना एमिसिझुमॅब हे फॅक्टर आठचं काम करणारं, त्वचेखाली द्यायचं औषध मिळतं. ते चालू असताना एपीटीटी फसवा, अगदी छान येतो, आणि नेहमीच्या पद्धतीने मोजलेला फॅक्टर आठ भलताच वर दाखवतो. लॅबला हे आधी सांगितलं पाहिजे. त्यासाठी गाईच्या फॅक्टरवर चालणारी वेगळी क्रोमोजेनिक (रंगावरून मोजणारी) पद्धत लागते.

फॅक्टर आठ कमी म्हणजे हिमोफिलियाच असं नाही

वॉन विलेब्रँड फॅक्टर हा फॅक्टर आठला रक्तात सांभाळून नेतो. तोच कमी असेल तर आठही घसरतो. म्हणून आठ कमी आला की, विशेषतः मुलीत किंवा सौम्य केसमध्ये, वॉन विलेब्रँडचं अँटिजेन (म्हणजे त्याचं प्रमाण) आणि त्याचं काम (रिस्टोसेटिन कोफॅक्टर किंवा तत्सम) तपासायचं. 30 टक्क्यांच्या खाली निदान पक्कं. 30 ते 50 मध्ये असेल आणि रक्तस्रावाचा इतिहास असेल तरी आजार धरतात.

हा आकडा चंचल आहे. ताप, ताण, पळापळ, रडणं, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या या सगळ्यांनी तो वर जातो. ओ रक्तगटात मुळातच कमी असतो. त्यामुळे एकदा नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. मूल शांत असताना, आजारपण उलटून काही आठवडे झाल्यावर परत करायचा. पाळीत अतोनात रक्त जाणाऱ्या कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं फक्त लोहाच्या गोळ्या देतात, आणि ही तपासणी कुणी लिहीत नाही.

सगळंच नॉर्मल, तरी रक्त थांबत नाही? मग फॅक्टर तेरा आणि प्लेटलेट फंक्शन. फॅक्टर तेरा नसलेल्या बाळात पीटी-एपीटीटी स्वच्छ असतात, पण बेंबीतून रक्त झिरपत राहतं. गुठळी युरियात टाकून विरघळते का बघण्याची जुनी तपासणी फक्त तीव्र कमतरता पकडते. ग्लान्झमनमध्ये प्लेटलेटचा आकडा नॉर्मल असतो, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. ॲग्रिगेशनची ही तपासणी ताज्या रक्तावरच होते, ती कुरियरने होतच नाही.

निदान झाल्यावर

मूळ रिपोर्ट लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे; प्रमाणपत्रासाठी फॅक्टरचा रिपोर्ट मागतात. उपचार सुरू झाल्यावर इनहिबिटरची बेथेस्डा तपासणी (तो किती आहे ते मोजणारी) ठरावीक काळाने करायची असते. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये चारांतल्या एकाला तरी इनहिबिटर होतो, तो बहुधा पहिल्या पन्नास डोसच्या दिवसांत. पाच बेथेस्डा युनिटच्या खाली कमी, पाच आणि वर जास्त. नेहमीच्या डोसने रक्त थांबेनासं झालं, किंवा ऑपरेशन ठरलं, की ही तपासणी आधी.

शेवटी घरातल्या बायका. आई, बहिणी, मावश्या यांचा फॅक्टर मोजायचाच, कारण वाहक (सदोष जनुक असलेल्या) बाईचा स्वतःचा फॅक्टरही कमी असू शकतो आणि बाळंतपणात ते अंगाशी येतं. पण फॅक्टर नॉर्मल आला म्हणून ती वाहक नाही असं म्हणता येत नाही. ते जनुकीय तपासणीतूनच कळतं. आधी आजारी मुलाचा बदल शोधतात, मग तोच बाकीच्यांत बघतात. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सुरुवात फॅक्टर आठच्या जनुकातल्या इंट्रॉन 22 या भागाच्या उलटापालटीपासून करतात, जवळपास निम्म्या केसमध्ये तीच सापडते. यासाठी जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब लागतो. डीएनए टिकाऊ असतो, त्यामुळे हे सॅम्पल मात्र साताऱ्याहून, सांगलीहून कुरियरने गेलं तरी चालतं. ही तपासणी पुढच्या गरोदरपणाच्या आधी उरकलेली बरी, कारण गर्भाची तपासणी अकरा ते तेरा आठवड्यांत, नोंदणीकृत केंद्रातच होते, आणि तोवर घरातला बदल माहीत नसेल तर वेळ पुरत नाही.